गाढवाचे पाय

इनास, तू गेलास हे मला पटलेलं नाही आणि पटवून घ्यायची माझी तयारीही नाही. तुला माती देऊन वीस दिवस झाले. मूठभर माती मीही टाकली, तुझ्या पेटीवर तिचा आवाज झाला तो ऐकला, सगळं रीतसर पाहिलं. पण पाहिलं म्हणून मानलंच पाहिजे असा काही कायदा नाही. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझी मुलंबाळं हे सगळं तुझ्या घरच्यांनी पेपरात दिलं आहे, फोटोही बरा आला आहे. ते मी इथे पुन्हा लिहीत बसत नाही. मला आपलं राहिलेलं भांडण पुढे न्यायचं आहे आणि आज सकाळी आपल्या गावच्या त्या छोट्या चर्चच्या, तुमच्या कपेलाच्या, वाटेवर काय झालं ते तुला सांगायचं आहे. आज झावळ्यांचा रविवार होता, तुमचा पाम संडे.

आपली ओळखसुद्धा भांडणानेच व्हायची होती. मी सरकारी मराठी शाळेत मास्तर, तू खाणीच्या वर्कशॉपात फिटर. तुझी थोरली तिसरीत होती आणि सातचा पाढा काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. एके दिवशी माझा पारा चढला आणि सगळ्या वर्गासमोर मी तिला "गाढवी" म्हणालो. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच तू शाळेच्या दारात हजर. हाताला ग्रीस, शर्टावर लाल धूळ. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

"मास्तर, तुमी माझ्या चेडवाक गाढवी म्हणले?"

"म्हटलें. मगे?"

"म्हणूं नाकात. तिका इतली व्हड करूं नाकात. ती आजून तितली शाणी जांवक ना."

मला वाटलं तू माझी फिरकी घेतोयस. तू मात्र व्हरांड्याच्या पायरीवर बसलास आणि तुझ्या शास्त्रातली गोष्ट सांगायला लागलास. एक मोठा नावाजलेला भविष्यवादी आपल्या गाढवीवर बसून निघाला होता, नको त्या कामाला. वाटेत देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा. गाढवीला तो दिसला, ती वाट सोडून शेतात शिरली. याने तिला मारलं. पुढे भिंतीला घासत गेली, पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा ती खालीच बसली, तेव्हा काठीने झोडपलं. मग देवाने तिला वाचा दिली आणि तिने एवढंच विचारलं, मी तुझं काय वाईट केलं?

"वयर बशिल्ल्या शाण्याक कांय दिसलें ना, मास्तर," तू म्हणालास. "सकयल आशिल्ले गाढवेक दिसलें."

एवढं बोलून तू कामाला निघून गेलास आणि मी वर्गात जाऊन सातचा पाढा पुन्हा पहिल्यापासून घेतला. त्यानंतर मी कुणाला गाढव म्हणालोच नाही असं नाही, सवय जाते होय! पण म्हणताना जीभ अडखळायची. तुझी थोरली आज बँकेत आहे, तिला तो पाढा अजून मीच शिकवला असं वाटतं. तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

मला घोड्यांचं वेड, हे तुला सांगायला नको. आमचं घराणं सुतारांचं. मी खडू हातात घेतला तरी घोडेमोडणीचे घोडे आमच्याच पडवीत घडायचे आणि अजूनही घडतात. लाकडी डोकं, मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, मागे बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड. शिगम्यात आमचे गडी तो घोडा कमरेला बांधतात, डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, हातात नंगी तलवार, आणि ढोलताशावर नाचत गावच्या शिवेपर्यंत जातात. पाकल्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, हुसकावून लावलं त्याची ही आठवण, असं आपल्याकडे सांगतात. तूही दरवर्षी हा नाच जिथे सुरू होतो त्या मांडाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचास. मी एकदा तुला म्हटलं, अरे, तुम्हा लोकांना हरवल्याचा हा नाच, तू काय टाळ्या वाजवतोस? तर म्हणालास, "पाकलो म्हजो कोण? म्हज्या आज्याकय ताणें मारलो."

घोडे मात्र तुला आवडायचे नाहीत. देखणे आहेत म्हणायचास, पण लगेच पुस्ती जोडायचास की घोड्याला कायम कोणीतरी शत्रू लागतो. तुझ्या दारच्या सोप्यावर बसून आपण यावर किती संध्याकाळी घालवल्या! मी म्हणायचो, राजा म्हटला की घोडा हवाच. तुझा येशू राजा एवढा मोठा, नगरात येताना गाढवावर बसून येतो, मला तुझ्या वतीने लाज वाटते. मग तू सुरू व्हायचास. तुझ्या जुन्या करारात राजाला बजावलंच आहे म्हणे, की घोड्यांचा बाजार भरवू नकोस. समुद्रात बुडाले ते घोडे आणि स्वार. राजपुत्राला अभिषेकाला नेलं ते खेचरावर. आणि गाढवावर बसून येणाऱ्या राजाचं भाकीत जिथे आहे, तिथे पुढच्याच ओळीत नगरातून लढाईचे घोडे काढून टाकायचं वचन आहे. "ते दिसा शारांत घोडे आशिल्ले," तू म्हणायचास, "पूण ते शिपायांचे. तेच मागीर तेका मारपाक आयले."

मी आमच्या देवांची वाहनं मोजून दाखवायचो. नंदी आहे, मोर आहे, उंदीर आहे, आणि शीतळादेवीचं तर गाढवच आहे, त्यात तुम्ही नवीन काय केलंत? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं.

"तुमच्या देवांक आपआपलें जनावर आसा, मास्तर. आमच्याकडेन स्वताचें एकूय नाशिल्लें. दुसऱ्याचें मागून हाडलें, तेंय एके सकाळीपुरतें."

अशाच एका संध्याकाळी तू गाढव मागितलंस. येशू नगरात आला त्याची आठवण म्हणून निघणाऱ्या तुमच्या झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीत नुसत्या झावळ्या असायच्या, तुला गाढव हवं होतं. खरं गाढव कुठून आणणार? आपल्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक सोडले तर दुसरं काही ओझं वाहत नव्हतं. "तूं घोडे करता न्हय? एक गाढव कर," तू म्हणालास. मी मुलखाचा आढ्यतेखोर, म्हटलं, त्यात काय, कान लांब केले की झालं.

बारा दिवस खपलो. फणसाचं लाकूड, रापलेला करडा रंग, लांब कान. मान मी नेहमीसारखी उंच काढली होती, ती तू मधेच येऊन खाली करायला लावलीस. शनिवारी दुपारी काम पुरं झालं आणि मी तुला हाक मारली. तू आलास, भोवती एक फेरी मारलीस, कानांवरून हात फिरवलास, आणि मग गाढवाच्या पाठीत हात घातलास. हात थेट पोटात गेला.

"हें कितें रे?"

"मनशाक उबो रावपाक," मी म्हणालो. "घोड्याक आसता तशें."

"खंयच्या मनशाक?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभ्या जन्मात मी पाठीत भोक नसलेला घोडा केला नव्हता. माझ्या घोड्याला स्वार असतोच, तोच त्याला कमरेला बांधतो, तोच वरून दिसतो. या गाढवात जो कोणी उभा राहील तो स्वार होणार, आणि स्वार म्हणजे येशू. तू मटकन पडवीत बसलास. आधी हसलास, मग तुझा चेहराच उतरला. "जो हांतूंत रावतलो तो जेजू जातलो, मास्तर. कोणाची छाती आसा?" मी ओशाळलो. करवत घेतली, म्हटलं, फळी ठोकून भोक बुजवून टाकतो, खाली चाकं लावू. तू माझा हात धरलास.

किती वेळ तू त्या भोकाकडे बघत बसला होतास! मग उठलास, सांगाडा कमरेला बांधलास, आणि कमरेत वाकलास. पार वाकलास, डोकं गाढवाच्या मानेमागे आडवं गेलं. आत्ता वरून घोंगडी टाक, म्हणालास. मी टाकली. तू पूर्ण नाहीसा झालास. बाहेर एक करडं गाढव आणि त्याखाली माणसाचे दोन अनवाणी पाय. घोंगडीखालून तुझा आवाज आला, "हांव वयर बसपी न्हय. हांव सकयल चलपी." घोंगडीवर, जिथे स्वार बसायचा, तिथे आपण हिरव्या झावळ्यांची पेंडी बांधली. वर कोण बसलं आहे ते ज्याने त्याने आपापल्या मनात बघावं, असं ठरलं.

माझी चूक होती ती. तू तिची एवढी मोठी गोष्ट केलीस की पुढे लोकांना वाटायला लागलं हे असंच करायचं असतं. तीसेक वर्षं तिठ्यावरच्या खुरसापासून, म्हणजे क्रुसापासून, कपेलापर्यंत तू ते गाढव चालवलंस. शेजारच्या गावांतून लोक बघायला यायला लागले. गाढव सगळ्यांनी पाहिलं, तुला त्या सकाळी कुणी पाहिलं नाही, आणि तुला तेच हवं होतं. शास्त्रात त्या गाढवाचं नाव नाही, त्याच्या मालकाचं नाव नाही, असं तू म्हणायचास. त्यावर कधी कोणी बसलं नव्हतं, तरी एवढ्या आरडाओरड्यात ते बुजलं नाही. नाव नाही म्हणूनच तिथे आपल्यासारख्यांना जागा आहे, हे तुझं लाडकं मत.

मी काही तुझं सगळं निमूट ऐकून घेत नव्हतो. तुझंच काळं पुस्तक तुझ्याकडून नेऊन मी रात्रंदिवस उपसलं ते तुला हरवायला. आणि एके दिवशी सापडलं. शेवटच्या भागात आकाश उघडतं आणि तोच तुझा राजा पांढऱ्या घोड्यावर बसून येतो! डोळ्यांत आग, मागे घोडदळ. मी धावतच तुझ्याकडे आलो. म्हटलं, हे बघ, इनास, शेवटी घोडाच! तुझं गाढव म्हणजे नुसतं मधल्या मुक्कामापुरतं. आधी गोड बोलून यायचं आणि मग तलवार घेऊन यायचं, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे. तू रागावला नाहीस. पान वाचलंस, चष्मा पुसलास. "तें फुडलें, मास्तर. सांगतलों केन्नातरी," म्हणालास. त्यानंतर दरवर्षी मी विचारायचो आणि दरवर्षी तू पुढच्या वर्षावर टाकायचास.

आता जे लिहितोय ते मला तुझ्या तोंडावर कधी बोलता आलं नाही. खाणीच्या रस्त्यावर माझी स्कूटर घसरली होती ते आठवतं? ट्रकवाले बाजूने जात होते, एकही थांबला नाही. तू वर्कशॉपातून परत येत होतास. माझा पाय मोडला होता, मला धरून बसताही येत नव्हतं. तू मला तुझ्या स्कूटरवर बसवलंस, टॉवेलने माझी कंबर सीटला बांधलीस, आणि इंजिन बंद ठेवून ती स्कूटर हातांनी ढकलत डिचोलीपर्यंत नेलीस. सगळी वाट तू चालत, मी वर बसून. मधे मी कण्हत होतो आणि तू, भल्या माणसा, मला गोष्ट सांगत होतास. वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला एका परक्याने आपल्या जनावरावर घातलं, म्हणजे तो परका स्वतः चालत गेला असणार, एवढं साधं कुणाच्या ध्यानात येत नाही म्हणून! मी तुला शिव्या घातल्या. बरा झाल्यावर आभार मानायचे ठरवले होते, ते राहिले ते राहिलेच.

आणि मग ते वर्ष आलं. तुला धाप लागायला सुरुवात झाली होती. वर्कशॉपातल्या धुळीने छाती खाल्ली होती. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तू माझ्या पडवीत आलास आणि म्हणालास, "मास्तर, औंदा तूं घाल रे. माका वाकपाक जायना."

मी काय म्हणालो? तुला आठवत असणारच, मी कशाला लपवू. मी हसत म्हणालो, "हांव तलवार धरपी मनीस. गाढवाचे पाय जांव?"

हसत म्हणालो खरा, पण ती थट्टा नव्हती. वर कारणंही जोडली, की तुमचा धर्म, आमचे लोक काय म्हणतील, पाद्रीला चालेल का. सगळी खोटी. खरी गोष्ट एवढीच होती की चारचौघांत वाकून, घोंगडीखाली नाहीसं व्हायची माझी तयारी नव्हती. तू "बरें" म्हणालास. दुसऱ्या दिवशी स्वतःच गेलास, तीनदा थांबलास, आणि नंतर आठवडाभर खोकत होतास. पुन्हा तू मला कधी विचारलं नाहीस. एकदा जरी टोमणा मारला असतास तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो. तू तेवढंही केलं नाहीस, याचा मला तुझ्यावर राग आहे.

शेवटी हॉस्पिटलात तू मला म्हणालास, "पांढऱ्या घोड्याचें तुका सांगचें आसा." मी म्हटलं, आधी बरा हो, मग सांग, मी काही पळून जात नाही. पळून तू गेलास. म्हणून त्या दिवसापासून ते पान मीच पुन्हा पुन्हा वाचतोय. मला जे दिसलं ते सांगतो. त्या घोडेस्वाराच्या हातात तलवार नाही. तलवार तोंडातून निघते, म्हणजे तो शब्दच असणार. आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच त्याचा झगा रक्तात भिजलेला आहे. आधीच, इनास! मग ते रक्त शत्रूचं कसं असेल? त्याचं स्वतःचंच असणार. म्हणजे घोड्यावर बसला तरी माणूस तोच, गाढवावरचा. तू हेच सांगणार होतास का? की तू नाहीस म्हणून मीच तुझी वकिली करायला लागलोय? तू ऐकत असलास तर ऐक, माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. घोडा तो घोडाच. यावर मी वर आल्यावर बोलू.

तुझ्या सातव्या दिवशीच्या मीसला, त्या प्रार्थनेला, मी मागच्या बाकावर बसलो होतो. मीस संपल्यावर कपेलाच्या ओसरीत मंडळी जमली. कमिटीचा जुझे, माणूस वाईट नाही, पण त्याला फोटोंची हौस. तो म्हणाला, इनासभाव गेले, गाढवाचा एक कान मोडला आहे, कापड विरलं आहे. पेडण्याकडे समुद्रावर पर्यटकांना फिरवणारा एक पांढरा घोडा आहे, तो आणू. दाढीवाला एखादा तरुण वर बसवू. फोटो बरे येतील. नवा पाद्री, अगदीच तरुण, मान डोलावत होता. तुझी बायको आनमरी कोपऱ्यात खाली बघत उभी होती.

मी उठलो. "घोडो हाडचो न्हय," मी म्हणालो.

"मास्तर," जुझे नरमाईनेच म्हणाला, "हें आमचें शास्त्र. तुमी कित्याक पडटात?"

"शास्त्र तुमचें. गाढव म्हजें."

आणि मग मी बोललो. तू मला सोप्यावर बसून जे जे सांगितलंस ते सगळं मी त्यांच्यापुढे ओतलं, मास्तरकीच्या आवाजात, एकेकाकडे बोट करून. राजाने घोडे वाढवू नयेत. लढाईचे घोडे नगरातून काढून टाकायचं वचन. मागून आणलेलं शिंगरू, ज्यावर कोणी बसलं नव्हतं. येशूला तुम्ही पांढऱ्या घोड्यावर बसवणार असाल तर सरळ शिपायांच्या रांगेत बसवा, म्हणजे शुक्रवारी खिळे ठोकायला माणूस शोधावा लागणार नाही! माझा आवाज चढला होता. कपेलाच्या ओसरीत एका हिंदू मास्तराने एवढं बोलावं का, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी थांबलो नसतो.

पाद्रीने पुस्तक उघडलं, पानं चाळली, उभ्या उभ्या वाचलं. "मास्तर म्हणतात तसंच लिहिलेलं आहे," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "पण गाढव चालवणार कोण? तरुणांपैकी कोणी तयार नाही. वाकायला लागतं."

माझं वय चौऱ्याहत्तर, मोडलेला पाय थंडीत अजून दुखतो.

"हांव," मी म्हणालो.

आनमरीने तेव्हा वर पाहिलं.

आमच्या लोकांनीही मला सोडलं नाही. शिगमा संपून दोन आठवडे झाले नव्हते, घोडे अजून माझ्या पडवीतच उभे होते. मांडावरचे दोघेतिघे मुद्दाम घरी आले. "घोडेमोडणीचो मास्तर आतां गाढव जातलो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हसण्यात थोडा खरा राग होता, तो मला कळला. मी म्हटलं, "जातलों. तुमका आतां कळचें ना, तुमी आजून घोड्यार आसात." माझ्या मुलानेही गुडघ्यांचं कारण काढलं. मी गाढवाचा मोडलेला कान जोडत होतो, त्याला खळ ढवळायला लावली.

तर आज सकाळी. तिठ्यावर खुरसापाशी लोक झावळ्या घेऊन जमले होते, डिचोलीचे, मुळगावचेसुद्धा. मी चपला काढल्या, गाढव कमरेला बांधलं आणि वाकलो. जुझेने स्वतः वरून घोंगडी टाकली आणि झावळ्यांची पेंडी बांधली. त्याने कॅमेरा आणला नव्हता, हे मी आधीच बघून घेतलं होतं.

आत काय असतं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, इनास. आत काही दिसत नाही. हातभर रस्ता दिसतो, त्यावर सांडलेलं लाल खनिज दिसतं आणि दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या लोकांचे पाय दिसतात. चेहरा एकाचाही नाही. कोण हिंदू, कोण किरिस्तांव, कोण कमिटीतला, काही कळायला मार्ग नाही. वर लोक गात होते, ते गाणं माझ्यासाठी नव्हतं. तीस वर्षं तुझ्या कानावरून ते असं गेलं असणार. सांगाड्याच्या ज्या दांड्याला आतून धरायचं, तिथे तुझ्या बोटांनी लाकूड झिजलं होतं. माझी बोटं तिथे आपोआप गेली. कंबर मोडायची वेळ आली, मोडलेला पाय बोंब मारायला लागला. एकदा वाटलं, थांबावं. तू तीनदा थांबला होतास ते आठवलं आणि मी इरेला पेटलो. म्हटलं, नाही थांबत. ज्याला नाही म्हणालो त्याच्यासाठी आता अख्खी वाट चालायची, एकदाही न थांबता. आणि चाललो. तुझ्यापेक्षा सरस चाललो, हे लिहून ठेव कुठेतरी.

कपेलाच्या दारात गाणं थांबलं. लोक आत गेले. मी तसाच वाकलेला, कारण सरळ व्हायला येईना. कोणीतरी हळूच घोंगडी उचलली. आनमरी होती. तिच्या हातात तुझा टॉवेल होता.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तोय दर वर्सा असोच भायर येतालो. घाम आयला म्हणटालो आनी तोंड पुसतालो. म्हाका कळटालें, हांव कांय म्हणीनाशिल्लें."

तिने टॉवेल पुढे केला.

जुझे बघत होता, पाद्री दारात थांबला होता, आमच्या मांडावरचे दोघेही रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी टॉवेल घेतला नाही. कंबर हळूहळू सरळ केली, सगळ्यांना तोंड नीट दिसेल असा उभा राहिलो, आणि म्हणालो, "घाम न्हय हो, आनमरी. हांव रडटां."